हातानं कातलेली पेनं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



भिवपुरीत घरामागच्या लेथवर मी सागाची, शिसवीची पेनं कातून विकतो. मुंबईचा काळा घोडा महोत्सव, पुण्याची भीमथडी जत्रा इथं एक गोष्ट कळली. गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं शाईचं पेन, घरी नेतं बॉलपेन. पहिला प्रश्न ठरलेला : "रिफिल कुठं मिळेल?" कोपऱ्यावरच्या दुकानातली बसते म्हटलं, की पाकीट उघडतं. बारीक पेन भेट द्यायला जातं; रोज लिहिणारा जाडसर मागतो. म्हणून दहांतली आठ बॉलपेनं करतो, त्यावर घर चालतं. शाईची दोन मात्र ठेवतोच. सर, बाई, तुम्ही अक्षर वळवून घेतलंत ते शाईपेनानंच. आणि टेबलापाशी लहान मुलं थांबतात, तीही त्यांच्यासाठीच.