एकट्या प्रवाशास दिवाळीची भेट

दिवाळी जवळ आली कीं नागपुरांत सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. घरोघरीं याद्या होतात. कोणास साडी, कोणास चांदीची वाटी, कोणास मिठाईचा पुडा. या यादींत एका नांवापुढची जागा मात्र बहुधा शेवटपर्यंत कोरी राहते. घरांतला एखादा मुलगा पुण्यास नोकरीवर असतो, एखादी भाची बंगलोरास शिकत असते, एखादी आत्या वर्षांतून दोन वेळां यात्रेस निघते. हीं माणसें एकटींच ये-जा करीत असतात. त्यांना काय द्यावें? कुटुंबास दिलेली वस्तु घरांत कोठें तरी सामावते. एकट्या प्रवाशास दिलेली वस्तु त्याच्या खांद्यावर बसते.

मराठींत 'भेट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन माणसांची गांठ पडणें ही भेट, आणि हातीं ठेवावयाची वस्तु हीहि भेट. आपल्या पूर्वजांनीं हे दोन अर्थ वेगळे केले नाहींत, हें बरेंच केलें. जो एकटा निघाला आहे त्याला वस्तु देतांना, आपण त्याला कितपत भेटलों आहों, याचीच परीक्षा होत असते.

जुन्या लोकांना ही परीक्षा चांगली साधत असे. प्रवासास निघणाऱ्याच्या हातीं फिरकीचा तांब्या दिला जाई. त्याचें झाकण फिरवून घट्ट बसे आणि गाडींत कितीहि हिसके बसले तरी पाणी सांडत नसे. शेजारचा भंडारा जिल्हा तर पितळेच्या भांड्यांसाठींच प्रसिद्ध. सोबत दशम्या असत. त्यांचें पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजवावयाचें, म्हणजे सोंवळेंहि मोडत नसे व त्या लवकर बिघडतहि नसत. गोष्टींतला राजपुत्र एकटा वनांत निघाला कीं त्याची आई त्याला तहानलाडू आणि भूकलाडू बांधून देते. ती माउली त्याला रत्नहार देत नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

देणाऱ्याची मोठी चूक अशी कीं तो आपल्या गांवावरून वस्तु निवडतो. जाणारा कोठें जाणार, हें पाहत नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलच्या ७ तारखेस कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय नुकतेंच अठरा वर्षांचें झालें होतें. पति गोपाळराव मागें राहिले. बोटीवर मिशनरी स्त्रियांची सोबत होती, पण आपलें म्हणावें असें माणूस एकहि नव्हतें. ११ मार्च १८८६ रोजीं त्या डॉक्टर झाल्या खऱ्या, परंतु मधल्या काळांत फिलाडेल्फियाच्या थंडीनें त्यांचे फार हाल केले. नऊवारी साडींत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. अशा ठिकाणीं भरजरी शालूपेक्षां लोंकरीचे दोन पायमोजे अधिक मोलाचे. नागपूरच्या माणसास थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारींतले चार दिवस. त्यामुळें सिमल्यास निघालेल्या मुलास तो हौसेनें सुती सदरा देतो, यांत नवल नाहीं.

दुसरी गोष्ट वजनाची. पूर्वीं पोंचवावयास आलेलीं चार माणसें फलाटावर जाऊन सामान डब्यांत चढवून देत. आतां त्याचीहि खात्री देतां येत नाहीं. २०२४ च्या दिवाळींत मध्य रेल्वेनें गर्दीमुळें नागपूरसह कांहीं मोठ्या स्थानकांवर फलाट-तिकिटांची विक्री कांहीं दिवस थांबविली होती. तेव्हां निरोप दरवाजापाशींच आटोपावयाचा आणि पुढचा पूल एकट्यानें चढावयाचा! म्हणून भेट बांधल्यावर ती घरांतल्या जिन्यावरून एका हातानें वर नेऊन पाहावी. आपल्याला धाप लागली तर प्रवाशालाहि लागणार. संत्र्यांची पेटी देण्याचा मोह नागपूरकरास आवरत नाहीं. पण दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराचीं फळें नुकतीं उतरूं लागलेलीं असतात, त्यांत आंबट पुष्कळ निघतात, आणि आपल्या संत्र्याची साल इतकी सैल कीं गांठोड्याखालीं तें तेव्हांच दबतें. निवडून घेतलेलीं दहा-बारा फळें द्यावीं, नाहीं तर संत्र्याची बर्फी द्यावी.

खाण्याच्या जिनसांतहि एकटेपणाचा विचार हवा. पूर्वीं डबा उघडला कीं समोरच्या बांकावरच्यांस लाडू दिल्यावांचून कोणी तोंडांत घास घालीत नसे. आज अनोळखी माणसानें दिलेलें खाऊं नये, असें रेल्वेच सांगते, आणि तें सांगणें अकारण नाहीं. त्यामुळें दोन किलोंचा डबा एकट्यासमोर उघडा पडतो आणि तिसऱ्या दिवशीं खवट होतो. चकली व करंजी वाटेंतच मोडतात. शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू टिकतात. तेहि लहान लहान पुड्यांत बांधावे.

एकट्या प्रवाशाची खरी अडचण विचारली तर तो सांगेल कीं, सामान सोडून उठतां येत नाहीं. दोघे असतील तर एकानें पाणी आणावें, दुसऱ्यानें राखण करावी. एकट्याला ती सोय नाहीं. बांकाखालीं अडकवावयाची साखळी आणि चांगलें कुलूप यांस किंमत फार पडत नाहीं, व रंगीत कागदांत गुंडाळून तीं शोभतहि नाहींत. परंतु रात्रीं निश्चिंत झोंप देणारी याहून सरस भेट शोधून सांपडणार नाहीं.

कायद्याचेंहि भान ठेवावें. भाच्यासाठीं फटाक्यांचा पुडा आगगाडींतून पाठविणें हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. विमानानें जाणाऱ्यास सुकें खोबरें देऊं नये. त्यांतील तेलामुळें तें ज्वालाग्राही मानतात. मोबाइलला वीज पुरविणारी पॉवर बँक द्यावी, पण ती हातच्या पिशवींत ठेवावयाची, मोठ्या सामानांत नव्हे, हें सांगून द्यावी.

आणि कित्येकदां वस्तु न देतां तिकीट द्यावें, हें उत्तम. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण साठ दिवस आधीं उघडतें. पोळ्याच्या अमावास्येपासून लक्ष्मीपूजनाची अमावास्या, मध्यें अधिक मास नसेल तर, दोन चांद्रमासांवर, म्हणजे एकोणसाठ-साठ दिवसांवर येते. तेव्हां घरांतलीं मुलें तान्ह्या पोळ्याला लांकडी बैल घेऊन निघालीं कीं वडील माणसांनीं दिवाळीच्या तिकिटाला लागावें, असा हिशेब सहज लक्षांत राहतो. एस. टी. नें जाणारास ही भेट तितकी उपयोगाची नाहीं. १७ मार्च २०२३ पासून तेथें स्त्रियांना अर्धें भाडें झालें, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस तर २०२२ च्या ऑगस्टपासूनच भाडें माफ झालें.

धरमपेठेंतील एका घरीं असाच तिकिटाचा प्रसंग घडला. बहीण साठीची, अमरावतीस राहणारी. यजमान वारल्यावर तिनें कन्याकुमारी एकटीनें पाहण्याचें ठरविलें. सर्वांना काळजी. मुलांनीं तिला नवा मोबाइल दिला. ती कोठें आहे हें घरबसल्या दिसावें अशी त्यांत योजना होती. तिनें तो घेतला, पण तोंड उतरलें. भाऊबीजेला ती वडील भावास म्हणाली, "दादा, ही भेट नव्हे रे, ही वेसण आहे." भाऊ कांहीं बोलला नाहीं. मुलांची काळजी खोटी नव्हती, आणि बहिणीचें म्हणणेंहि खोटें नव्हतें. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्री एकटी प्रवास करीत असेल तर तिच्यासाठीं खालच्या बांकाचा राखीव कोटा असतो. त्यांतून त्यानें जाण्याचें तिकीट काढून ठेवलेलें होतें. ओवाळून झाल्यावर त्यानें तें ताटांत टाकलें. मग विचारलें, "परतीचें केव्हांचें काढूं?"

"तें राहूं दे," ती म्हणाली, "मी तिकडून कळवीन."

परतीच्या भाड्याचे पैसे त्यानें पाकिटांत घालून तिच्या हातीं दिले, आणि पाकिटावर तारीख लिहिली नाहीं.