दिल्लीचे चित्ररसिक आणि पुस्तकांतून आलेले दुर्मीळ चित्रपट

कथा-कादंबऱ्यांवरून केलेले कित्येक महत्त्वाचे भारतीय चित्रपट थिएटरात फारसे लागलेच नाहीत. ते पाहिले गेले फिल्म सोसायट्यांच्या खेळांना, वर्गणी भरून आलेल्या सभासदांसमोर. दिल्लीत ही सोय उभी करणाऱ्यांत एका मराठी बाईंचं नाव आधी घ्यावं लागतं. त्या म्हणजे विजया मुळे.

त्यांचा जन्म १९२१ साली मुंबईचा. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या. पुढे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला राहिल्या आणि जगातले चांगले चित्रपट पाहण्याची गोडी तिथे लागली. परतल्यावर पाटण्यात फिल्म सोसायटी काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९५४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या नोकरीसाठी त्या दिल्लीला आल्या आणि त्याच दशकात दिल्ली फिल्म सोसायटी उभी राहिली. १९५९ च्या डिसेंबरात देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष सत्यजित राय होते आणि चिदानंद दासगुप्तांबरोबर संयुक्त चिटणीस होत्या विजया मुळे. उपाध्यक्षांमध्ये पुढे इंदिरा गांधी आल्या. दूरदर्शनवर ‘एक अनेक और एकता’ पाहत वाढलेल्या पिढीला ते छोटं चित्र पाठ असतं. ते करणाऱ्या बाईंनीच दिल्लीला चित्रपट बघायला आणि त्यावर बोलायला शिकवलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

सोसायटीचं काम तसं साधं होतं, पण खटपटीचं. सभागृह मिळवायचं, प्रोजेक्टर मिळवायचा, प्रिंट मागवायची, दाखवून झाली की वेळेवर परत पाठवायची. दिल्लीला एक मोठी सोय होती, ती परदेशी वकिलातींची. सोव्हिएत, फ्रेंच, पोलिश, चेक चित्रपट त्यांच्याकडून मिळत. खेळ फक्त सभासदांसाठी असल्यामुळे पुढे अशा चित्रपटांना सेन्सॉरच्या पूर्वपरवानगीतून सूटही मिळाली. कोझिन्त्सेव्हचा ‘हॅम्लेट’ किंवा चेकॉव्हच्या कथेवरचा हेफित्सचा ‘कुत्रेवाली बाई’ ही तेव्हाच्या सोव्हिएत पडद्यावरची साहित्याची उत्तम रूपं. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते वाढवलं. तिथून १६ मिलिमीटरच्या प्रिंट देशभरच्या सोसायट्यांकडे जाऊ लागल्या.

मग साठीच्या दशकाच्या अखेरीला दिल्लीच्या रसिकांसमोर एक वेगळीच गोष्ट आली. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर तरुण दिग्दर्शक चित्रपट करू लागले आणि त्यांनी कथा घेतल्या त्या हिंदीतल्या ‘नई कहानी’च्या लेखकांच्या. मोहन राकेश, निर्मल वर्मा, राजेंद्र यादव, कमलेश्वर. या साऱ्यांचं दिल्लीशी घट्ट नातं होतं. म्हणजे ज्या गावात चित्रपट बघायचा, त्याच गावात मूळ लेखक राहतो, त्याची कथा बहुतेकांनी वाचलेली असते. अशा प्रेक्षकापुढे रूपांतराची कसोटी कडक होते.

या लाटेची सुरुवात १९६९ च्या ‘भुवन शोम’ने झाली. मृणाल सेन यांनी ‘बनफूल’ या बंगाली लेखकाची कथा उचलून सौराष्ट्राच्या वाळूत नेली. करड्या रेल्वे अधिकाऱ्याला माणसात आणणारी गौरी साकारली सुहासिनी मुळे यांनी, म्हणजे विजयाबाईंच्याच कन्येने. त्याच साली बासू चटर्जींचा ‘सारा आकाश’ आला. राजेंद्र यादवांच्या कादंबरीतला समर लग्नानंतर बायकोशी महिनोन्‌महिने बोलत नाही. चित्रपट कादंबरीचा फक्त पूर्वार्ध घेतो. नोकरीची वणवण, घरातून तुटत जाणं हे सगळं पुढचं प्रकरण पडद्यावर येतच नाही. कादंबरी वाचलेल्याला यात फसवणूक वाटू शकते. पण बासूदांचा निर्णय योग्यच होता. अबोला ही पाहण्याची गोष्ट आहे. गच्ची, जिना, अर्धवट उघडं दार यांतून ती दिसते, आणि के. के. महाजन यांच्या कॅमेऱ्याने ती दाखवली. उत्तरार्धातला झगडा कागदावर जास्त बोलतो.

सर्वांत मोठा वाद ठरला मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’चा. मोहन राकेश यांची कथा लहानशी आहे. बस ड्रायव्हर असलेल्या नवऱ्यासाठी बालो रोज रस्त्यावर भाकरी घेऊन उभी राहते. वाचताना ही कथा तिच्या काळजीमुळे पुढे सरकते. आज उशीर झाला, आता तो रागावेल, येईल की नाही. कौल यांनी ही काळजी संवादात आणलीच नाही. २८ आणि १३५ मिलिमीटर अशा दोनच लेन्स वापरून त्यांनी जवळचं आणि लांबचं यांतलं अंतर ताणून ठेवलं. चेहरे भाव दाखवत नाहीत, हात मात्र दिसत राहतात. यात कथा कुठे आहे, अशी तक्रार तेव्हापासून आजपर्यंत होत आली आहे. उत्तर असं की कथेतली वाट पाहणं प्रेक्षकाच्याच वाट्याला आलं आहे. ज्याला बसून राहणं असह्य होतं, त्याला बालोचं उभं राहणं कळू लागलेलं असतं. निर्मल वर्मांच्या कथेवरचा कुमार शहानींचा ‘माया दर्पण’ १९७२ चा. त्यात हेच काम रंगांच्या योजनेने केलं आहे.

अशा चर्चेत पहिला प्रश्न नेहमी एकच येतो. चित्रपट पुस्तकाशी इमानदार आहे का? हा प्रश्न फार लांब नेत नाही. त्यापेक्षा दिग्दर्शकाने काय गाळलं, आणि गाळलेल्याच्या जागी काय ठेवलं, हे विचारलं की पुस्तकही नव्याने वाचावंसं वाटतं.

मराठी ऐकणाऱ्यांना जवळचं उदाहरण गजानन माधव मुक्तिबोधांचं. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी आणि कादंबरीकार, पण गजाननरावांनी लिहिलं हिंदीत. १९६४ च्या सप्टेंबरात दिल्लीतच त्यांचं निधन झालं. सोळा वर्षांनी मणी कौल यांनी ‘सतह से उठता आदमी’ केला. त्यात एक सलग कथा नाही. मुक्तिबोधांच्या कथा, निबंध आणि कविता यांचे तुकडे रमेश, माधव आणि केशव या तीन माणसांच्या तोंडी येतात. मध्यमवर्गीय लेखकाची कोंडी हा त्याचा विषय. १९८१ मध्ये हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. कवितेतून चित्रपट काढता येतो का, या प्रश्नाला भारतीय पडद्याने दिलेलं हे सर्वांत धाडसी उत्तर आहे, आणि ते बघायला मिळणं अजूनही सोपं नाही.

दिल्लीकरांना जुने चित्रपट पाहण्याच्या वाटा मधल्या काळात बदलत गेल्या. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट लागत. सिरी फोर्टला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरे, तो २००४ पासून गोव्यात गेला. आज इंडिया इंटरनॅशनल सेंटर, हॅबिटॅट सेंटर आणि परदेशी सांस्कृतिक केंद्रं येथे असे खेळ होतात. डिजिटल प्रत नेणं-आणणं सोपं झालं आहे. अडचण आहे ती प्रत मुळात असण्याची.

पुस्तक छापलं की त्याच्या शेकडो प्रती कुठे ना कुठे उरतात. लहान चित्रपटाच्या मोजक्याच प्रिंट निघत, आणि त्या जपण्याची जबाबदारी कुणाचीच नसे. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वरून युक्त फिल्म सहकारी संस्थेने १९७६ मध्ये केलेला चित्रपट टिकला तो बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेत. तिथेच त्याची डिजिटल प्रत तयार झाली आणि २०१४ मध्ये तो पुन्हा लोकांपुढे आला. ओम पुरी यांचा हा अगदी सुरुवातीचा चित्रपट, आणि मराठी रंगभूमीचं एवढं मोठं नाटक त्यात आहे.

त्याच आर्सेनलच्या कपाटात आणखी एक हिंदी चित्रपट होता. कमलेश्वर यांच्या ‘एक सड़क सत्तावन गलियाँ’ या कादंबरीवरून प्रेम कपूर यांनी १९७१ मध्ये केलेला ‘बदनाम बस्ती’. मैनपुरीच्या गल्ल्यांतली ही गोष्ट. एक दरोडेखोर राहिलेला ड्रायव्हर, एक स्त्री आणि एक तरुण यांच्यातली. पुरुषांमधल्या ओढीबद्दल इतक्या सहज बोलणारा चित्रपट त्या काळी दुसरा सापडत नाही. काही दशकं तो हरवलाच आहे असं समजलं जात होतं. कादंबरी मात्र दुकानात मिळत राहिली, लोक ती वाचत राहिले, आणि चित्रपटाचा उल्लेख फक्त याद्यांमध्ये उरला. २०१९ मध्ये बर्लिनला त्याची ३५ मिलिमीटरची प्रिंट सापडली. कमलेश्वर त्याआधी बारा वर्षं, २००७ च्या जानेवारीत, दिल्लीलगतच्या फरिदाबादला वारले होते.