मधुमेह, मज्जातंतू आणि एक औषध



मधुमेह जुना झाला म्हणजे पावलांस मुंग्या येतात, पुढे ती बधिर होतात व जखमही कळत नाही. रक्तातील जादा साखरेपासून ‘अल्डोज रिडक्टेज’ हे विकर मज्जातंतूंत सॉर्बिटॉल बनविते. त्याच्या संचयाने तंतूंस इजा पोहोचते. या विकरास आवर घालणाऱ्या ‘एपालरेस्टॅट’ या औषधास जपानात १९९२ साली मान्यता मिळाली. रोडानिन-३-अ‍ॅसेटिक आम्ल आणि दालचिनीच्या सुगंधी द्रव्याचे भावंड असे अल्फा-मिथिल-सिनामाल्डिहाइड यांचा संयोग घडविला, की पाण्याचा रेणू बाहेर पडून ते सिद्ध होते.

परंतु हे औषध रक्तातील साखर उतरवीत नाही, हे ध्यानी असावे. म्हणून पथ्य व डॉक्टरांचे उपचार सोडू नयेत. आणि घरच्या मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळवे कोणीतरी रोज पाहावेत, एवढीच विनंती.