पिस्तूल खाली ठेवल्यानंतर
(क्रांती चौकातील आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



'मला आवडलेला चित्रपट' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी एकाऐवजी दोन चित्रपट घेऊन आले आहे. एक अमेरिकेतला, दुसरा आपल्या माणदेशच्या मातीतून उगवलेला. दोहोंचा प्रश्न मात्र एकच आहे. ज्या हातांनी रक्त सांडले, त्या हातांना पुन्हा चारचौघांसारखे जगता येते काय?

पहिला चित्रपट 'शेन'. जॉर्ज स्टीव्हन्स यांनी तो १९५३ साली काढला. शेन हा पिस्तूलबाज. घोड्यावरून एका खोऱ्यात येतो, एका कष्टाळू शेतकऱ्याच्या घरी गडी म्हणून राहतो आणि पिस्तूल बाजूला ठेवतो. शेतातला एक जुनाट बुंधा तो आणि घरधनी मिळून उपटतात, ते दृश्य पाहताना वाटते, याचा भूतकाळही असाच मुळासकट निघेल. गुत्त्यात त्याचा अपमान होतो, तोही तो एकदा गिळतो. परंतु गुरांचा मोठा मालक भाडोत्री मारेकरी आणतो, एका गरीब शेतकऱ्याचा जीव जातो आणि शेनला पिस्तूल पुन्हा हाती घ्यावे लागते. तो शत्रूंना मारतो. पण त्या घरात त्याला आता जागा उरत नाही. लहानगा मुलगा हाका मारीत राहतो आणि शेन जखमी अवस्थेत निघून जातो.

त्या घरातली गृहिणी मॅरियन हिचे म्हणणे मला फार मोलाचे वाटले. या खोऱ्यात एकही बंदूक नसेल तर बरे होईल, असे ती म्हणते. तिचे कोणी ऐकत नाही. जिथे न्याय पिस्तुलाच्या जोरावर चालतो, तिथे एकट्या माणसाचा चांगला निश्चय पुरा पडत नाही, हेच त्या चित्रपटाचे दुःख आहे.

आता आपल्याकडे या. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे संस्थान ते. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअर गृहस्थांनी हा प्रयोग उचलून धरला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून राहू लागले, शेती करू लागले आणि मुख्य म्हणजे त्यांची बायकामुलेही त्यांच्याबरोबर राहू शकत. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या या आटपाडीच्या परिसरातलेच ग. दि. माडगूळकर. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा खुनी, एक जेलर आणि ओसाड जमीन. कैदी पळून जातात, तेव्हा त्या जेलरचे डोळे आठवून परत फिरतात. पिकवलेली भाजी स्वस्त विकतात म्हणून बाजारातले दांडगे त्यांना झोडपतात. पण हे हात उचलीत नाहीत, कारण वचन दिलेले असते. अखेर जेलर प्राणास मुकतो, तरी ते सहाजण जमीन सोडीत नाहीत. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

शेन निघून जातो, हे सहा राहतात. असे का? शेनजवळ निश्चय होता; या सहांजवळ जमीन होती, काम होते आणि विश्वास टाकणारे कोणी होते. चित्रपटात राखण त्या दोन डोळ्यांची. प्रत्यक्ष स्वतंत्रपुरात, माझ्या मते, खरी राखण चुलीपाशी बसलेल्या बायकोची आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांची असली पाहिजे. ज्याला घर आहे, त्याला पळून जायचे ठिकाण लागत नाही.

भगिनींनो, हे दूरचे नाही. हर्सूलचे कारागृह याच शहरात आहे, खुले कारागृह आपल्या पैठणला आहे. तेथून सुटलेला माणूस शेवटी कुणाच्या तरी गल्लीतच येणार. माझ्या ओळखीतल्या एका धुणीभांडी करणाऱ्या बाईचा नवरा शिक्षा भोगून परतला. आठवड्याभरात तिची तीन घरची कामे सुटली आणि खोलीही सोडावी लागली. शिक्षा न्यायालयाने त्याला दिली होती. पुढची शिक्षा आपण तिला दिली.

कोणी विचारील, ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराचे काय? हा प्रश्न रास्त आहे. त्या घराचे अश्रू आधी पुसले पाहिजेत, आणि क्षमा करा असे त्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु शिक्षा पुरी झालेल्याला आपण पुन्हा शेनच्या वाटेने पिटाळले, तर उद्या आणखी एक घर रडेल.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. कैद्यांना सुधारण्याचे मोठे व्रत मंडळाने घ्यावे, असे मी म्हणत नाही. आपल्या पापड-लोणच्यांच्या कामात अशा घरातल्या एका बाईला जागा द्यावी आणि तिच्या मुलांना आपल्या मुलांच्या पंगतीत बसवावे. तिला तिच्या नावाने हाक मारावी, नवऱ्याच्या गुन्ह्याने नव्हे.

क्रांती चौकात मोर्चे पुष्कळ येतात, घोषणाही पुष्कळ होतात. ही क्रांती मात्र घोषणेवाचून, एका पाटावर एक जास्तीचे ताट मांडून करता येईल.