होडी गटाच्या नावावर

आम्ही सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीच्या काठावरच्या एका बचत गटातल्या दहा जणी. आज एका जुन्या शिडाच्या होडीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या गावाला खाडी नसेल. पण बंद पडलेली पिठाची चक्की, धूळ खात असलेली शेवयांची मशीन, वापरात नसलेला पंप तर असेल. अशी वस्तू गटाने घ्यावी का, घेण्याआधी काय बघावं, पैसा आधी कुठे घालावा आणि कागद कोणाच्या नावाचा करावा, हे प्रश्न सगळीकडे सारखेच असतात.

आमचं काम तिसऱ्या आणि कालवं काढायचं. ओहोटीला खाडीच्या मुखाजवळ वाळूचा पट्टा उघडा पडतो. तिथे जेमतेम दोन-अडीच तास काम करता येतं. भरती लागली की पट्टा पाण्याखाली जातो. तिथवर जायला होडी लागते आणि ती आमची नव्हती. होडीवाल्याला काढलेल्या मालातला तिसरा हिस्सा द्यायचा, तो नेईल तेव्हा जायचं आणि तो येईल तेव्हा परतायचं. त्याला मासळीच्या लिलावात उशीर झाला, की आम्ही गुडघाभर पाण्यात टोपल्या डोक्यावर घेऊन वाट बघत उभ्या. आमच्यातल्या दोघींना पोहता येत नाही. पैशाचं नुकसान सोसता आलं असतं, पण चढत्या पाण्यात दुसऱ्याची वाट बघत उभं राहणं सोसवेना.

आमच्याच वाडीत करंजाच्या झाडाखाली अठरा फुटांची एक होडी पाच पावसाळे पडून होती. मालक गेले, मुलं मुंबईला. वरचे झाप कुजून गेले होते आणि होडीत पावसाचं पाणी साठून शेवाळ धरलं होतं. मुलांनी किंमत सांगितली आठ हजार. किंमत कमी वाटली म्हणून आम्ही लगेच हो म्हटलं नाही. आधी होड्या बांधणाऱ्या मेस्त्रीकाकांना घेऊन गेलो आणि एक दिवस नुसती तपासणी केली.

तपासणी कशी केली, ते सांगतो. पहिलं म्हणजे ठोकून बघणं. चांगल्या लाकडावर हातोडीची मूठ मारली की टणटण वाजतं, कुजलेलं असलं की बद आवाज येतो. दुसरं, दाभण टोचणं. टोक अडलं तर लाकूड ठीक, लोण्यात शिरावं तसं शिरलं तर ती फळी गेली. तिसरं, पठाण, म्हणजे होडीच्या तळाचं लांब कण्यासारखं लाकूड, त्याला नाळेपासून मागपर्यंत दोरी ताणून लावणं. पठाण वाकडं असेल किंवा कुजलं असेल तर होडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. फळी बदलता येते, वाक म्हणजे आतल्या फासळ्या बदलता येतात, पण पठाण बदलणं म्हणजे होडी नवी बांधणं.

एक गोष्ट आम्हाला तिथे नव्याने कळली. आम्हाला वाटायचं, लाकूड खाऱ्या पाण्याने कुजतं. मेस्त्रीकाकांनी सांगितलं, कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. खाऱ्या पाण्यातला धोका वेगळा, तिथे लाकूड पोखरणारी कीड लागते. आमच्या होडीच्या चार फळ्या आणि तीन वाकं गेली होती, तीसुद्धा जिथे पाणी साठत होतं तिथलीच. पठाण ठणठणीत निघालं. मेस्त्रीकाका म्हणाले, “लाकूड अजून जिता आसा, घेवा.” मग आम्ही घेतली.

दिवाळीनंतर काम काढलं, कारण लाकूड सुकं हवं. होडी विटांवर उचलून ठेवली, शेवाळ खरवडलं आणि पंधरा दिवस सावलीत वाळू दिली. कडक उन्हात ठेवली असती तर फळ्या तडकल्या असत्या. गेलेल्या फळ्या काढून मेस्त्रीकाकांनी फणसाच्या बसवल्या. खिळे तांब्याचे वापरले. लोखंडी खिळा स्वस्त पडतो, पण तो खाऱ्या पाण्यात गंजतो आणि गंजताना भोवतीचं लाकूडही खातो.

फळ्यांमधल्या फटी भरायचं काम आम्ही स्वतः केलं. कापसाची वात वळून, तेलात भिजवून बोथट छिन्नीने फटीत ठोकायची आणि वरून राळ आणि तेल शिजवून केलेला लेप भरायचा. वात सैल राहिली तर पाणी येतं, फार घट्ट ठोकली तर फळी उचलते. वाती वळायचा हात आपल्याला देवघरातूनच आहे, त्यामुळे हे काम भराभर झालं. बाहेरून काजूच्या टरफलाचं तेल दिलं. ते लाकडाला उत्तम, पण कातडीला फार वाईट. हाताला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे घालून, मुलांना लांब ठेवूनच ते लावायचं. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना आणि तेल घोटून लेप दिला.

पहिल्यांदा पाण्यात ढकलली तेव्हा होडीत चारी बाजूंनी पाणी आलं. बघायला आलेले हसले. मेस्त्रीकाकांनी ती उथळ पाण्यात तीन दिवस तशीच भरून ठेवली. सुकलेलं लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि फटी आपोआप आवळतात. चौथ्या दिवशी पाणी उपसून टाकलं, मग दिवसाला डबाभरच आत येऊ लागलं.

आता शीड. लोकांनी विचारलं, इंजिनाच्या दिवसांत शीड कशाला? आमचा हिशेब सोपा होता. इंजिन घ्यायला कर्ज, चालवायला रोजचं तेल. आमचं काम खाडीतलं, रोज एकाच वाटेचं. थंडीत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. म्हणजे जाताना ओहोटीचं पाणी आणि मतलई, येताना भरती आणि खारा वारा. वारा पडला तर वल्ही आहेतच.

जुनं शीड उंदरांनी खाल्लं होतं. आम्ही जाड सुती कापड आणून पट्ट्या एकावर एक चढवून दुहेरी शिवण घातली आणि चारी काठांना आत दोर घालून शिवला, म्हणजे वाऱ्याचा ताण कापडावर न येता दोरावर येतो. ऐनाची साल उकळून त्या पाण्यात शीड दोन दिवस भिजवलं, त्याने कापड लवकर कुजत नाही. डोलकाठी जुनीच चालली. शीड ज्याला बांधतात ते परबाण नव्या बांबूचं केलं.

शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर कधीही गाठ मारून बांधायचा नाही, हा पहिला नियम शिकलो. तो हातातच हवा. वाऱ्याचा झोत आला की सोडून द्यायचा. बांधलेला असला तर होडी कलंडते.

खर्च असा झाला: होडी 8,000, लाकूड 6,500, मेस्त्रीकाकांची बारा दिवसांची मजुरी 10,800, खिळे 2,200, कापूस, राळ आणि तेल 2,700, शिडाचं कापड आणि दोर 4,300, नांगर आणि वल्ही 3,000 आणि सहा लाइफ जॅकेट 5,400. एकूण 42,900 रुपये. गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज घेतलं. जॅकेटचे पैसे वाचवा, असं घरून सांगत होते. आम्ही ते आधी घेतले, शिडाचं कापड नंतर. होडीत सहापेक्षा जास्त जणी बसत नाहीत आणि जॅकेट न घालता कोणी बसत नाही. शिवाय पाणी उपसायचा डबा, शिट्टी, विजेरी आणि एक जास्तीचा दोर नेहमी आत असतो.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत आमच्या सासवांना तोंडपाठ आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आलेल्या आकड्याच्या आसपास भरती. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारला भरती आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ओहोटी. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. ही ढोबळ रीत आहे, आपापल्या खाडीची वेळ पडताळून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं, तेव्हा आम्ही अर्धा तास आधीच निघतो. पावसाळ्यात होडी काठावर, झापांखाली, पालथी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कागद करायच्या दिवशी घरोघरी एकच सूचना आली: “बायकांच्या नावावर होडी कशाला? आमच्यातल्या कोणाच्या तरी नावावर करा, धावपळ आम्हीच करू.” सूचना प्रेमाने केलेली होती, म्हणूनच नाही म्हणायला जड गेलं. पण पैसा गटाचा, कर्ज गटावर, वाती आमच्या हातच्या. उद्या एखाद्या घरात भांडण झालं, वाटण्या झाल्या, तर होडी कोणाची? आम्ही गटाच्या बैठकीत ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि विक्रीचा कागद गटाच्या नावाने केला. मग नोंदणीच्या चौकशीला दोघी जणी स्वतः गेल्या. मासेमारीच्या होडीसाठी मत्स्यव्यवसाय विभाग आणि प्रवासी नेणार असाल तर मेरीटाईम बोर्ड, हे लक्षात ठेवा.

आता मालातला तिसरा हिस्सा बाहेर जात नाही. त्यातला थोडा भाग प्रत्येक फेरीला दुरुस्तीच्या डब्यात पडतो, कारण लाकडाची होडी दर वर्षी काम मागते. घरच्या पुरुषांना होडी हवी असेल तर तेही मागून नेतात, वहीत नाव लिहून, भाडं देऊन. आणि पाणी चढायला लागलं, की परत कधी फिरायचं ते आम्हीच ठरवतो.

तुमच्या गावातली पडलेली वस्तू एकदा ठोकून बघा. तिचा कणा शाबूत असेल तर बाकीचं दुरुस्त होतं. फक्त पहिला खिळा मारण्याआधी कागदावर नाव कोणाचं, ते ठरवा.