दोन पारतंत्र्ये सोसलेला सेनानी : एअर मार्शल कारेल यानौशेक

(व्याख्यानाचे शब्दांकन)



1960 नंतरची काही वर्षे प्राग शहरात कापडाच्या एका सरकारी वखारीत सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम करीत असत. किती गठ्ठे आले, किती गेले, याचा हिशेब त्यांच्याकडे असे. पगार बेताचा, राहणी साधी, बोलणे मोजके. वखारीत ये-जा करणाऱ्या एखाद्या तरुण हमालाला कोणी सांगितले असते की, हे कारकून ब्रिटनच्या शाही हवाईदलात एअर मार्शल या पदापर्यंत पोचले होते आणि त्या पदावर पोचलेले ते एकमेव चेक अधिकारी होते, तर त्याचा विश्वास बसला नसता. या कारकुनांचे नाव कारेल यानौशेक. ज्या राष्ट्राच्या मुक्तीसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याच राष्ट्राच्या तुरुंगात बारा वर्षे काढून ते नुकतेच बाहेर आले होते.

एखाद्या वीराला शत्रूने छळावे, हे इतिहासात नवे नाही. पण स्वकीयांच्या राजवटीने त्याला शत्रूपेक्षा अधिक काळ कोठडीत डांबावे, त्याची पदे, पदके आणि विद्यापीठाची पदवीसुद्धा काढून घ्यावी, हे कसे घडले? आणि हे घडत असताना त्या माणसाची निष्ठा कोठे उभी होती? या प्रश्नांसाठी यानौशेक यांचे चरित्र मुळापासून पाहावे लागते.

पारतंत्र्यात जन्म, लेजिअनमध्ये दीक्षा

यानौशेक यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1893 रोजी मोराव्हिया प्रांतातील प्रशेरोव या गावी झाला. त्या वेळी चेक भूमी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होती. चेक भाषा होती, लोक होते, परंपरा होती; राज्य मात्र नव्हते. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि इतर चेक तरुणांप्रमाणेच यानौशेक यांनाही सम्राटाच्या सैन्यात भरती व्हावे लागले. ज्या सत्तेने आपल्याला अंकित ठेवले तिच्यासाठी लढायचे, आणि तेही रशियन या दुसऱ्या स्लाव्ह लोकांविरुद्ध, ही चेक तरुणांची मोठी कुचंबणा होती.

1916 मध्ये ते रशियनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. त्याच वर्षी त्यांनी आपला मार्ग निवडला. रशियात चेक आणि स्लोव्हाक स्वयंसेवकांचे स्वतंत्र सैन्य उभे राहत होते, त्यात ते दाखल झाले. हेच पुढे चेकोस्लोव्हाक लेजिअन म्हणून प्रसिद्धीस आले. ही निवड सोपी नव्हती. लेजिअनचा सैनिक पुन्हा ऑस्ट्रियाच्या हाती लागला तर राजद्रोही म्हणून त्याच्यासाठी फास तयार असे. 2 जुलै 1917 रोजी झ्बोरोव येथे या सैन्याने पहिला नाव घेण्याजोगा विजय मिळवला, त्या लढाईत यानौशेक होते. पुढे रशियात क्रांती झाली आणि घराकडची सरळ वाट बंद झाली. सैबेरियाच्या लोहमार्गाने पूर्वेकडे लढत, जगाला वळसा घालून लेजिअनचे सैनिक मायदेशी परतले. यानौशेक 1920 मध्ये परत आले, तेव्हा त्यांचा देश नकाशावर उमटला होता. 28 ऑक्टोबर 1918 रोजी चेकोस्लोव्हाकियाचे प्रजासत्ताक जन्मास आले होते.

नव्या राष्ट्राला नवे सैन्य हवे होते. यानौशेक विमानदलाकडे वळले. युद्धशास्त्राचे उच्च शिक्षण, वैमानिकी, तुकड्यांचे नेतृत्व अशा पायऱ्या चढत ते दुसऱ्या महायुद्धापूर्वीच ब्रिगेडियर जनरल झाले. विमानाचे यश हवेच्या जाणकारीवर अवलंबून असते, हे ओळखून या सेनाधिकाऱ्याने चाळिशी ओलांडल्यावर चार्ल्स विद्यापीठात हवामानशास्त्राचा अभ्यास केला.

न लढता हरलेले सैन्य

सप्टेंबर 1938 मध्ये चेकोस्लोव्हाकियाने सार्वत्रिक सैन्यभरतीचा आदेश काढला. लोक लढण्यास सिद्ध होते. पण म्युनिक येथे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली या चार सत्तांनी त्या देशाचा सीमाप्रदेश हिटलरला देऊन टाकला. ज्याचा देश कापला जात होता त्याला बैठकीत आसनही नव्हते. 15 मार्च 1939 रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. विमाने जर्मनांच्या ताब्यात गेली आणि वैमानिकांना घरी बसवण्यात आले. जवळजवळ न लढताच सैन्य नाहीसे झाले. सैनिकाला पराभवापेक्षाही हे शल्य अधिक टोचते.

यानौशेक प्रथम 'ओब्राना नारोदा', म्हणजे राष्ट्ररक्षण, या माजी सेनाधिकाऱ्यांच्या गुप्त संघटनेत काम करू लागले. 1939 च्या अखेरीस त्यांनी देश सोडला. स्लोव्हाकिया, हंगेरी, बाल्कन प्रदेश आणि बैरुत अशा वळणावळणाच्या वाटेने ते फ्रान्सला पोचले. मागे पत्नी ॲना राहिल्या होत्या.

जून 1940 मध्ये फ्रान्सही कोसळला. चेक वैमानिक मिळेल त्या बोटीने ब्रिटनच्या किनाऱ्याला लागले. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते. काहींजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हते. अशा विखुरलेल्या, खचलेल्या, पण लढण्यासाठी तळमळणाऱ्या माणसांचे एक दल बांधायचे, हे काम यानौशेक यांच्याकडे आले. जुलै 1940 पासून ते ब्रिटनमधील चेकोस्लोव्हाक विमानदलाचे महानिरीक्षक झाले.

फायलींवर लढलेले युद्ध

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यानौशेक यांच्या नावावर शत्रूची पाडलेली विमाने नाहीत. प्रत्यक्ष लढाईचे आदेशही त्यांच्या हाती नव्हते, ते ब्रिटिश सेनापतींकडे होते. भरती, प्रशिक्षण, नेमणुका, बढत्या, इंग्रजीचे वर्ग, शिस्त, कुरबुरी आणि मृतांच्या नोंदी हे त्यांचे रणांगण होते. कर्तृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आकाशातली झुंज येते. त्या झुंजीमागे कोणीतरी माणूस निवडलेला असतो, त्याला शिकवलेले असते, त्याच्या खांद्यावर त्याच्या देशाचे नाव राहावे म्हणून परक्या कार्यालयांत भांडलेले असते. ते भांडण यानौशेक यांनी केले.

ब्रिटिशांचा पहिला विचार सरळ होता. हे वैमानिक शाही हवाईदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात घ्यावेत आणि कामाला लावावेत. पण तसे झाले असते तर चेकोस्लोव्हाकियाचे विमानदल म्हणून काही उरलेच नसते. 25 ऑक्टोबर 1940 रोजी दोन्ही सरकारांत लष्करी करार झाला. सेवाशर्ती ब्रिटिश, गणवेश ब्रिटिश. खांद्यावर मात्र 'चेकोस्लोव्हाकिया' हे नाव. नकाशावरून पुसलेला देश त्या कापडी पट्टीवर जिवंत राहिला.

पहिली 310 क्रमांकाची लढाऊ विमानांची स्क्वाड्रन जुलै 1940 मध्ये डक्सफर्ड येथे उभी राहिली. त्याच महिन्यात 311 क्रमांकाची बाँबफेकी स्क्वाड्रन, त्यापाठोपाठ 312 आणि मे 1941 मध्ये 313 अशा चार स्क्वाड्रन झाल्या. याखेरीज अनेक चेक वैमानिक ब्रिटिश आणि पोलिश तुकड्यांतून लढत होते. त्यांपैकी योसेफ फ्रान्तिशेक या सार्जंटने 303 क्रमांकाच्या पोलिश स्क्वाड्रनमधून लढताना 1940 च्या सप्टेंबर महिन्यात शत्रूची 17 विमाने पाडली. 8 ऑक्टोबर 1940 रोजी त्याचे विमान कोसळून तो मरण पावला. ब्रिटनच्या लढाईत भाग घेतलेल्या चेकोस्लोव्हाक वैमानिकांची संख्या 90 च्या आसपास होती.

महानिरीक्षकांपुढची सर्वांत मोठी अडचण माणसांची होती. ब्रिटिश तुकडीतला वैमानिक पडला तर त्याची जागा घ्यायला मागे राष्ट्र उभे होते. चेक वैमानिक पडला तर मागे जिंकला गेलेला देश होता, तेथून नवा तरुण येणार कसा? 311 स्क्वाड्रनने रात्रीच्या बाँबफेकीत इतकी माणसे गमावली की, एप्रिल 1942 मध्ये तिला समुद्रावरील गस्तीच्या कामाला लावावे लागले. तेथेही तिने नाव कमावले. 27 डिसेंबर 1943 रोजी ओल्द्रिख दोलेझाल याच्या लिबरेटर विमानाने 'आल्स्टरउफर' हे नाकेबंदी चुकवून निघालेले जर्मन जहाज बुडवले.

वैमानिकांच्या घरच्यांनाही किंमत मोजावी लागली. परदेशात लढणाऱ्यांच्या नातलगांना जर्मनांनी मोराव्हियातील स्वातोबोर्झित्से येथील छावणीत कोंडले. म्हणूनच कित्येक वैमानिक खोट्या नावाने उडत असत. यानौशेक यांचे नाव लपण्यासारखे नव्हते. त्यांच्या पत्नी ॲना यांचा अंत आउश्वित्झच्या छळछावणीत झाला. इतरही जवळचे आप्त नाझींच्या हातून मेले. सुमारे अडीच हजार माणसांचे दल सांभाळणाऱ्या या अधिकाऱ्याचे स्वतःचे घर असे रिकामे झाले. मे 1945 मध्ये त्यांना एअर मार्शलपद मिळाले, तेव्हा त्या दलातले सुमारे पाचशे जण परत येणार नव्हते.

विजयानंतरचा पराभव

13 ऑगस्ट 1945 रोजी चेकोस्लोव्हाक लढाऊ स्क्वाड्रन प्रागच्या रुझिने विमानतळावर उतरल्या. लोकांनी फुले उधळली. पण सत्तेची सूत्रे हळूहळू दुसऱ्या हातांत जात होती. नवे सैन्य सोव्हिएत धर्तीवर घडवायचे, असे ठरून गेले होते. लंडनहून आलेला अधिकारी संशयित आणि मॉस्कोहून आलेला विश्वासू, अशी वर्गवारी सुरू झाली. पाच वर्षे दल बांधणाऱ्या यानौशेक यांना मायदेशातील विमानदलाचे सेनापतिपद मिळाले नाही, त्यांना दुय्यम कामावर बसवण्यात आले.

फेब्रुवारी 1948 मध्ये कम्युनिस्टांनी संपूर्ण सत्ता हस्तगत केली. पश्चिमेकडून लढलेल्या वैमानिकांना सैन्यातून काढण्यास सुरुवात झाली. यानौशेक यांनी पुन्हा एकदा देश सोडण्याचे ठरवले. या खेपेस मात्र वाट दाखवणारा माणूसच लष्करी गुप्तहेर खात्याचा हस्तक निघाला. एप्रिल 1948 च्या अखेरीस त्यांना अटक झाली. लष्करी न्यायालयाने त्यांना अठरा वर्षांची सक्तमजुरी दिली, फेरसुनावणीत एक वर्ष आणखी वाढवले. प्लझेनच्या बोरी तुरुंगात असताना त्यांना तेथील एका कथित कटात गोवण्यात आले आणि 1950 मध्ये जन्मठेप झाली. पुढची वर्षे लिओपोल्डोवसारख्या कुप्रसिद्ध तुरुंगांत गेली. ज्या बेद्रिख रायत्सिन याच्या हाताखालच्या गुप्तहेर खात्याने हे सापळे लावले, त्यालाच त्याच्या पक्षाने 1952 मध्ये फासावर चढवले. संशयावर उभी राहिलेली सत्ता शेवटी आपल्याच माणसांना खाते, याचा हा पुरावा.

हे दुर्दैव एकट्या यानौशेक यांचे नव्हते. फ्रान्तिशेक फायत्ल हे ब्रिटिश स्क्वाड्रनचे नेतृत्व मिळालेले पहिले चेक वैमानिक. त्यांना 1950 मध्ये मीरोवच्या कैदेत टाकण्यात आले. योसेफ ब्रिक्स जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावण्यांतून पुनःपुन्हा पळण्याचा प्रयत्न करणारा वीर. तो 1957 मध्ये याखिमोवच्या युरेनियम खाणींजवळील श्रमछावणीत मरण पावला. जर्मन जहाज बुडवणाऱ्या दोलेझालने मात्र मार्च 1950 मध्ये आपले प्रवासी विमान पश्चिम जर्मनीतील एर्डिंग येथे नेऊन उतरवले. मायदेशासाठी लढलेल्या वैमानिकाला मायदेशातून विमानासह निसटावे लागावे, यापेक्षा मोठी शोकांतिका कोणती?

मे 1960 मधील सार्वत्रिक माफीने यानौशेक सुटले. माफी कसली, तर न केलेल्या अपराधाची! मग ती वखार, त्या नोंदवह्या. 1968 च्या 'प्राग वसंता'त त्यांचे निर्दोषत्व मान्य झाले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये आले आणि त्यांच्या नावावर पुन्हा मौनाचा पडदा पडला. 27 ऑक्टोबर 1971 रोजी, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले.

ऋण आणि त्याची नोंद

1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली. 1991 मध्ये यानौशेक यांना मरणोत्तर आर्मी जनरल हे सर्वोच्च पद देण्यात आले. जून 2014 मध्ये प्रागच्या क्लारोव भागात पंख असलेल्या सिंहाचा पुतळा उभा राहिला. ब्रिटिश हवाईदलात लढलेल्या चेक व स्लोव्हाक स्त्री-पुरुषांचे ते स्मारक आहे. त्यासाठी पुढाकार घेतला आणि पैसा उभा केला तो प्रामुख्याने तेथे राहणाऱ्या ब्रिटिश लोकांनी. आभाराची ही परतफेड परक्यांकडून आधी यावी, यात चेक लोकांना अंतर्मुख करणारे काहीतरी निश्चित आहे.

यानौशेक यांनी आयुष्यात तीन वेळा सत्तेची अवज्ञा केली : 1916 मध्ये सम्राटाची, 1939 मध्ये हिटलरची आणि 1948 मध्ये पक्षाच्या हुकूमशाहीची. तिन्ही सत्तांच्या दृष्टीने ते द्रोही ठरले. पण त्यांची जागा कधीही बदलली नव्हती, बदलल्या त्या सत्ता. राष्ट्र म्हणजे त्या क्षणी सिंहासनावर बसलेले सरकार नव्हे, एवढे त्यांना विशीतच उमगले होते आणि ते अखेरपर्यंत सुटले नाही.

शत्रूने केलेल्या जखमा राष्ट्रे विसरत नाहीत. आपल्या हातून आपल्याच वीरांवर झालेला अन्याय मात्र ती लवकर विसरू पाहतात. चेक लोकांना तो मान्य करायला चार दशके लागली. उशीर झाला खरा. पण त्यांनी नोंद दुरुस्त केली. वखारीतल्या त्या वृद्ध कारकुनाला नोंदीचे महत्त्व ठाऊक होते. एकेका मृत वैमानिकाचे नाव त्यांनी युद्धकाळात जपले होते. आता त्यांचेही नाव त्यांच्या लोकांनी जपले आहे.