दुखण्यातून उठलेला कामगार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठ्या पंडितांची भाषणे होत आली आहेत. आमचे शिक्षण मात्र कारखान्याच्या गेटावरच्या सभांत आणि युनियनच्या कचेरीतील कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. विषयाची निवड चालकांनी आमच्यावर सोपविली, तेव्हा जे रोज पाहतो त्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले. लांबलचक आजारानंतर माणूस पुन्हा कामावर जातो, त्या पहिल्या एकदोन महिन्यांविषयी आम्हांस आज बोलावयाचे आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. माणूस आजारी पडला, औषधपाणी झाले, बरा झाला, कामावर गेला. यात व्याख्यान ते कसले? पण आमचा अनुभव ऐका. आजारपणात माणसाची विचारपूस करणारे पुष्कळ असतात. डॉक्टर असतो, शेजारी शहाळे घेऊन येतो, खात्यातले सोबती वर्गणी काढतात. तो कामावर हजर झाला की सारे जण सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमका त्याच दिवसापासून तो एकटा पडतो. आमच्या कचेरीत अशा ज्या तक्रारी येतात, त्यांतील बहुतेक आजारपणातल्या नसतात. त्या परतल्यानंतरच्या असतात.

हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगार अंथरुणाला खिळला की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राही. हा बदली पुष्कळदा त्याच्याच गावचा, कधी तर भावकीतलाच असे. आजारी माणूस हवापालटासाठी कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जाई आणि जरा अंगात त्राण आले की परत येई. तो परत आला म्हणजे बदलीची रोजी गेली, आणि परत आला नाही म्हणजे याच्या घरची चूल विझली! दोन गरिबांमध्ये एकच भाकरी ठेवावी आणि मग त्यांच्यातले बंधुप्रेम पाहावे, असा तो मामला होता.

गिरणीतील कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याला बिसिनोसिस म्हणतात. कार्डिंगसारख्या धुळीच्या खात्यात काम करणाऱ्याची छाती, सुटी संपवून तो परत येई त्या दिवशी, सर्वांत अधिक आवळली जाई. त्यामुळे डॉक्टर लोकांत या दुखण्याला सोमवारचे नाव मिळाले. विश्रांतीनंतरचा पहिला दिवस शरीराला सर्वांत जड जाऊ शकतो, हे वैद्यकाने इतक्या स्पष्टपणे दाखवून दिले, पण हजेरीपुस्तकाने त्याची दखल घेतली नाही. तेथे सोमवार आणि शुक्रवार सारखेच.

स्वातंत्र्यानंतर या बाबतीत मोठे पाऊल पडले. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ साली ती मुंबईत आली. पुढे विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळू लागला. क्षयासारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी, पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळण्याची सोय झाली. त्या कायद्याच्या ७३ व्या कलमाने आणखी एक पहारा बसविला. कामगार आजारपणाचा भत्ता घेत असेतोवर मालकाने त्याला काढू नये आणि शिक्षाही करू नये. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्यांची नावे बदलतात. कामगाराने पानात काय लिहिले आहे ते पाहत राहिले पाहिजे.

पण मंडळी, या व्यवस्थेला दोनच शब्द माहीत आहेत. एक, आजारी, दुसरा, कामास लायक. कामगाराच्या भाषेत सांगावयाचे तर एक औषधाचा कागद आणि दुसरे फिट सर्टिफिकेट. काल संध्याकाळपर्यंत माणूस अंथरुणात होता, आज सकाळी सात वाजता त्याने पुरे आठ तास, पुरे उत्पादन दिले पाहिजे. मधली पायरीच नाही. डॉक्टरने दयाबुद्धीने दाखल्यावर ‘हलके काम द्यावे’ असे लिहिले, तर टाइम ऑफिसमधून उत्तर येते, “हलके काम आमच्याकडे नाही. पुरता बरा होऊन या.” पुरता बरा होऊन येण्यासाठी भत्ता हवा, आणि भत्ता तर फिट सर्टिफिकेटाच्या तारखेला बंद झालेला असतो.

आमच्या एका सभासदाची हकीकत सांगतो. प्रेसखात्यात काम करणारा हा माणूस क्षयाचे सहा महिन्यांचे औषध पुरे करून परतला. अंगावर मांस नव्हते, पण थुंकी तपासून झाली होती आणि दाखला चोख होता. पहिल्याच आठवड्यात त्याला रात्रपाळी लागली. सोबती वाईट नव्हते. त्यांनीच त्याच्या घरी शिधा पोहोचविला होता. तरी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली आणि पिण्याच्या पाण्याशी त्याचा पेला कोणी वेगळा ठेवला. तिसऱ्या आठवड्यात तो राजीनामा लिहून आमच्याकडे आला. आम्ही विचारले, काम झेपत नाही का? तो म्हणाला, “भाऊ, काम हळूहळू झेपेल हो. पण डबा एकट्याने खाववत नाही.”

राजीनामा आम्ही टेबलाच्या खणात ठेवून दिला. व्यवस्थापनाशी बोलून दोन महिने त्याला माल मोजण्याच्या कामावर, दिवसपाळीत घेण्यास लावले. दुसरे काम अधिक कठीण होते. त्याची संमती घेऊन आम्ही खात्यात एका डॉक्टरांना बोलाविले. त्यांनी सांगितले की, साध्या क्षयावर औषध लागू पडले की संसर्गाचे भय काही आठवड्यांतच फार कमी होते; पुरा कोर्स करून आलेल्या या माणसाचा पेला वेगळा ठेवण्याचे काहीच कारण नाही. त्यांनी मद्रासचा दाखलाही दिला. तेथे १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या गर्दीच्या घरीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष बाहेर आला तेव्हा दिसले की, घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक लागण झाली नाही. हे ज्ञान सहा दशकांहून जुने आहे. कारखान्याच्या पाण्याच्या नळापर्यंत ते अजून पोहोचावयाचे आहे!

आता मालकांची बाजू. ते म्हणतात, आमच्याकडे उत्पादनाचे आकडे आहेत आणि चक्कर येणारा माणूस प्रेसवर उभा केला तर त्याची बोटे जातील, शिवाय दुसऱ्याचीही. हे म्हणणे खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आमच्या बाजूचा आहे. अशक्त माणूस एकदम प्रेसवर उभा करू नये, हेच तर आम्ही सांगत आहोत. जर्मनीत डॉक्टरच्या सल्ल्याने कामगार प्रथम दिवसाला थोडे तास काम करतो, मग तास वाढवीत नेतो, आणि त्या काळात विम्याचा भत्ता चालू राहतो. वर्षात सहा आठवड्यांहून अधिक आजारी राहिलेल्या कामगाराशी मालकाने त्याच्या परतण्याविषयी विचारविनिमय केला पाहिजे, असा तेथे २००४ पासून नियम आहे. तेथील कारखाने यामुळे बुडाले नाहीत.

दूर कशाला, आपल्याकडेही याचे बीज आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आस्थापनेतील माणसाला नोकरीत असताना अपंगत्व आले, तर त्याला काढता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. सरकारी कचेरीत जे न्याय्य, ते खाजगी कारखान्याच्या फाटकापाशी येऊन अन्याय्य कसे होते? आणि कंत्राटी कामगाराची तर गोष्टच निराळी. त्याला नोटीस मिळत नाही, शिक्षाही होत नाही. तो परत येतो तेव्हा त्याचा गेटपास चालत नाही, एवढेच. बरे झाल्याचा दाखला हातात असतो, पण तो दाखवावयाचा कोणाला?

म्हणून आमचे मागणे थोडक्यात असे. लांबच्या आजारातून परतणाऱ्यास पहिले काही आठवडे कमी तास किंवा हलके काम मिळावे, आणि त्या काळातील पगाराची तूट विम्याने भरावी. परतण्यापूर्वी डॉक्टर, व्यवस्थापक आणि युनियन यांनी त्याच्याशी एकदा तरी बोलावे. आजाराचे नाव त्याच्या परवानगीवाचून खात्यात फुटू नये. आणि त्याच्या जागी जो बदली उभा राहिला, त्याला वाऱ्यावर सोडू नये. नाहीतर गिरणगावातील जुने भांडण आपण नव्याने पेटवू.

यांतील बहुतेक गोष्टी मालकांकडून आणि सरकारकडून मिळवावयाच्या आहेत, त्यांना वेळ लागेल. पण एक गोष्ट कोणाच्या मंजुरीवाचून उद्या दुपारी करता येण्यासारखी आहे. येथे कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील पुष्कळ मंडळी बसलेली दिसतात. आपल्या खात्यात दुखण्यातून उठून कोणी आला असेल, तर जेवणाच्या सुट्टीत आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा. आजाराची चौकशी करू नका, ती त्याला पाठ झालेली असते. त्याच्या माघारी खात्यात काय काय झाले, कोण आले, कोण गेले, ते त्याला सांगा.